आधी ताट, मग बोलणं

नोव्हेंबर 1944 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत 36 तरुण राहायला आले. युद्धात शस्त्र धरायला त्यांनी तत्त्व म्हणून नकार दिला होता. सैन्याऐवजी त्यांनी एका प्रयोगासाठी स्वतःचं शरीर देऊ केलं. महायुद्धात उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञांना शोधायचं होतं. तरुण निवडताना शरीराबरोबर मनही ठणठणीत आहे, याची खात्री केली होती. सुरुवातीचे तीन महिने पोटभर जेवण झालं. मग 24 आठवडे दिवसातून दोनदा बटाटे, सलगम, पाव आणि मॅकरोनी असा अर्धपोटी आहार, रोजच्या खाण्याच्या साधारण निम्मा. वजन जवळजवळ पाव हिश्श्याने उतरलं.

वजन उतरणार हे ठरलेलंच होतं. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्या मनाचं झालं ते. हसतीखेळती मुलं अबोल आणि चिडखोर झाली. ताटातल्या थोड्याशा अन्नाचे बारीक तुकडे करून ते तासन्‌तास चिवडत बसू लागली. स्वयंपाकाची पुस्तकं वाचू लागली, पाककृती जमवू लागली. मित्र नकोसे झाले, डोक्यात दुसरा विषय राहिला नाही. काहींना स्वतःचा हडकुळेपणा दिसेनासा झाला आणि धडधाकट माणसंच लठ्ठ वाटू लागली. या मुलांना बारीक व्हायचं नव्हतं, आरशाशी त्यांचं भांडण नव्हतं, घरात काही बिनसलेलं नव्हतं. फक्त अन्न कमी पडलं होतं.

ॲनोरेक्सियाने, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत नेणाऱ्या आजाराने, घेरलेली मुलगी घरात असेल, तर वरची लक्षणं वाचताना आईच्या अंगावर काटा येईल. आपण ज्याला तिचा हट्ट म्हणतो, त्यातला बराच भाग भुकेने घडवलेला असतो. आजार सुरू कशाने झाला, याचं उत्तर वेगळं असू शकतं. त्यात आनुवंशिकता असते, काळजीखोर आणि काटेकोर स्वभाव असतो, वर्गातला टोमणा असतो, कधी ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ ही कौतुकाची थापही असते. मुलग्यांनाही हा आजार होतो. पण एकदा वजन घसरलं की उपासमारच आजाराला धरून ठेवते. खाणं कमी, म्हणून विचार एकाच गोष्टीभोवती फिरतात, आणि विचार फिरतात म्हणून खाणं आणखी कमी.

म्हणूनच नुसतं समजावणं इथे थिटं पडतं. ‘एवढी हुशार मुलगी, हिला कळत कसं नाही?’ असं घरचे म्हणतात, समुपदेशकाकडे नेतात, आणि समुपदेशक बालपण, अभ्यासाचा ताण, आत्मविश्वास यांवर आठवडेच्या आठवडे बोलत राहतो. तोवर वजन आणखी उतरतं. तापाने फणफणलेल्या मुलाला गणित शिकवत बसावं, तसं हे आहे. मेंदूला अन्न मिळालं की त्याच्याशी बोलता येतं. वजन सावरेपर्यंत औषध म्हणजे जेवण, आणि ते ठरल्या वेळी, ठरल्या मापाने, रोज द्यावं लागतं.

पण द्यायचं कोणी? एकोणिसाव्या शतकात विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी या आजाराला नाव दिलं, तेव्हा नातेवाइकांकडून शुश्रूषा नकोच, असं त्यांचं मत होतं. पुढची शंभर वर्षं आईबापांकडे संशयानेच पाहिलं गेलं. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हे उलटं केलं. त्यांचा 1987 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की कमी वयात सुरू झालेल्या आणि फार जुन्या न झालेल्या आजारात, आईवडिलांना उपचारात घेतलं तर मुलं अधिक बरी होतात. त्यातून आलेल्या पद्धतीत दुसऱ्याच भेटीला कुटुंब डबा घेऊन येतं आणि उपचारकासमोर जेवतं. मुलीने आणखी एक घास खावा म्हणून आईबाबांनी काय करायचं, हे तिथेच शिकवलं जातं. दोघांनी एकच बोलायचं, कॅलरींवर वाद घालायचा नाही, ओरडायचं नाही, आणि उठूनही जायचं नाही. दोष मुलीचा नाही आणि आईबाबांचाही नाही, आजार वेगळा आणि मुलगी वेगळी, हे सगळ्यांनी धरून चालायचं. धाकट्या भावाने पहारा करायचा नाही, जेवणानंतर तिच्याशी पत्ते खेळायचे. वजन सावरलं की ताट हळूहळू तिच्या हाती सोपवायचं. तिची भीती, मैत्री, कॉलेज यांवरचं बोलणं तेव्हा खरं कामी येतं.

हे ऐकायला सोपं आहे, करायला भयंकर अवघड. मुलगी रडते, ताट भिरकावते, नको ते बोलते. ज्या घरात मारहाण आहे, तिथे हा मार्ग नाही. प्रौढांना आणि वर्षानुवर्षं आजारी असलेल्यांना वेगळे उपचार लागतात. फार खंगलेल्या शरीराला घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदयावर बेतू शकतं. नाडी मंदावली असेल, चक्कर येत असेल, तर पहिले दिवस रुग्णालयातच जायला हवेत.

बुलिमियातही भुकेचाच धागा आहे. दिवसभर उपाशी राहायचं, रात्री बांध फुटल्यासारखं खायचं, मग लाजेने ओकायचं आणि उद्या पुन्हा उपाशी राहायचं. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या उपचारात म्हणूनच पहिल्या आठवड्यांपासून नियमित खाण्यावर भर असतो. तीन जेवणं, मधली खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको. रात्रीच्या त्या खाण्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणं मला क्रूर वाटतं.

तेव्हा मुलीसाठी समुपदेशक शोधणाऱ्या आईवडिलांनी पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात. वजन दर भेटीला पाहणार का? नाडी, रक्त आणि ईसीजी तपासणाऱ्या डॉक्टरांशी तुमचं बोलणं असेल का? आणि जेवणाच्या वेळी काय करायचं, हे आम्हाला शिकवणार का? ‘वजनाचं नंतर बघू, आधी मनमोकळं बोलू द्या’ असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर फिरवावा.