साठ टक्के

आमच्या गावाचं नाव सांगितलं की लोक विचारतात, ‘चांदूर बाजार का?’ मी म्हणतो, ‘नाही हो, रेल्वे.’ एकाच अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर असल्यामुळे दोहोंतून एक निवडायची आम्हाला जन्माची सवय आहे, अशी माझी समजूत होती. मग पेन्शनचा फॉर्म हाती आला.

मी रेल्वेत. १ जानेवारी २००४ नंतर नोकरीला लागलेला, म्हणून जुन्या पेन्शनला मुकलेला. आमची एनपीएस, तिच्यातला पैसा बाजाराबरोबर वर-खाली होतो. १ एप्रिल २०२५ पासून सरकारनं शेजारी यूपीएस मांडली : पंचवीस वर्षं सेवा करा, शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा घ्या. म्हणजे पुन्हा तेच, बाजार की रेल्वे? ३० जूनपर्यंत कळवायचं होतं. आम्ही विचार करत बसलो. मुदत सप्टेंबरअखेरवर गेली. आम्ही विचारच करत राहिलो. मुदत ३० नोव्हेंबरवर गेली.

फॉर्म तसा सोपा. फक्त हिशेब मांडायचा तर आधी आपण कधी मरणार हे ठरवावं लागतं. डबा खाताना सगळ्यांचं तेच चाललेलं. एकानं स्वतःला ८२ वर्षं दिली, दुसऱ्यानं बिडी ओढता ओढता ९०. मी भीत भीत ७५ म्हणालो. ‘मंग भाऊ, तुमाले एनपीएसच पुरन!’

रात्री झोप येईना तेव्हा ध्यानात आलं, की साठ टक्के दोन्हीकडे आहेत. एनपीएसमध्ये जमलेल्या पुंजीतले साठ टक्के निवृत्त होताना एकरकमी काढता येतात. यूपीएसमधले साठ टक्के म्हणजे माझ्या मागे माझ्या पेन्शनमधून बायकोला दरमहा मिळणारे. पहिले मला दिसतील, सत्काराला नारळ घेऊन येणाऱ्या साडूला दिसतील, आणि चिरंजीवांना तर ते पुण्यातल्या फ्लॅटच्या आकारात आत्ताच दिसतात. दुसरे मला कधीच दिसणार नाहीत. ज्या पैशाबद्दल कुणी आपल्याला ‘बरं केलं’ म्हणेल तेव्हा आपणच नसू, त्याच्यासाठी हातातली रक्कम सोडायची? ‘तुझ्यासाठीच तर राबतो’ असं वीस वर्षं ऐकवणाऱ्या नवऱ्याला हा पेपर जरा कठीणच होता.

हिला विचारलं. ‘तुमी असान तवाचं बोला,’ म्हणून ती भाकरी थापायला बसली.

नोव्हेंबरात आईला बँकेत नेलं, हयातीचा दाखला द्यायला. वडील रेल्वेतच होते. त्यांच्या मागे तिला कुटुंब पेन्शन मिळते. भांडी घासघासून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या, यंत्र तिला जिवंत मानायला तयार होईना. चौथ्या खेपेला मानलं. बाहेर येऊन तिनं नातवासाठी पेढे घेतले. मी पाकीट काढलं तर म्हणाली, ‘ठेव बाप्पा तुहे. तुह्या बापाचे हायेत माह्यापाशी.’

वडील असताना तिला दहा रुपये मागायचे तर दोन दिवस आधीपासून त्यांचा राग-लोभ पाहावा लागे. माणूस वाईट नव्हता, पण हात आखडता. चांगला नवरा तो गेल्यावरच झाला म्हणायचा. आणि आमच्या घरीही ही किराण्याचे पैसे अजून मागूनच घेते.

त्या रात्री यूपीएसवर सही केली. मग स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, ‘तुझं पासबुक कुठं आहे गं?’

‘काहून?’ ती माझ्याकडे नीट पाहत म्हणाली, ‘तुमी त अजून जित्ते आहा नं!’