नाताळची भेट आणि सात्त्विक दान

सज्जनहो, दान चांगले की वाईट, असे कोणी विचारीत नाही. दान चांगलेच. परंतु चांगल्या मनाने दिलेल्या दानाने घेणाऱ्याचे अहित होऊ शकते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आणि हल्ली तो आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे ऑस्ट्रेलियात, इंग्लंडात, अमेरिकेत असतात. तिकडच्या तरुण मंडळींत अशी एक रीत आहे की, सुट्टीत स्वखर्चाने गरीब देशात जायचे, तेथल्या अनाथाश्रमात काही आठवडे सेवा करायची, आणि नाताळ आला की मुलांना खेळणी, कपडे, खाऊ वाटायचा. घरचा सण टाकून परक्या लेकरांत जाणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या भावनेला आधी नमस्कार करू, आणि मग विचार करू.

नाताळच्या भेटीची चाल ज्या संत निकोलसाच्या नावाशी जोडली जाते, तो चौथ्या शतकात मायरा या गावी धर्मगुरू होता. ते गाव आजच्या तुर्कस्तानात येते. त्याची कथा अशी सांगतात: एक गृहस्थ दारिद्र्याने इतका पिचला की, तिन्ही मुलींच्या लग्नाला पैसा नाही आणि त्यांना विकण्याची पाळी आली. निकोलसाला हे कळले. तो रात्री गेला, खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली आणि निघून गेला. असे त्याने तीनदा केले. बापाने त्या सोन्यावर लेकींची लग्ने लावून दिली.

या कथेतल्या दोन गोष्टी ध्यानात धरा. एक, दाता अंधारात राहिला. दामाजीपंतांसाठी बेदरला रक्कम भरणारा आपला पांडुरंगही विठूचा वेष घेऊन गेला आणि पावती करून दिसेनासा झाला. ही गोष्ट तुम्हांला नवी नाही. दुसरी गोष्ट, निकोलसाने मुलींना उचलून आपल्याकडे नेले नाही. सोने बापाच्या घरात पडले, म्हणून घर मोडले नाही.

आता कंबोडियाकडे पाहू. तेथले अंकोरवाट हे बाराव्या शतकात विष्णूचे मंदिर म्हणून उभारले गेले. ते पाहायला जगभरचे लोक सिएम रीप या शहरी उतरतात. देश बौद्ध, नाताळ हा तेथला सण नव्हे. पण पाहुण्यांबरोबर तोही येतो. तेथील सरकार व युनिसेफ यांनी २०११ साली केलेल्या पाहणीत असे दिसले की, २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या शेकडा ७५ ने वाढली. तुम्ही म्हणाल, अनाथ मुलेच वाढली असतील. तसे नव्हते. आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा बाप, निदान एक तरी हयात होते!

मग ही मुले आली कोठून? खेड्यातल्या गरीब आईला सांगतात, तिकडे पोराला शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल. ती काळजावर दगड ठेवून पोर धाडते. पाहुणे येतात, पैसा देतात. पैसा येतो म्हणून आश्रम वाढतात, आणि आश्रम भरायला पुन्हा मुले लागतात. निकोलसाच्या सोन्याने लेकी घरात राहिल्या. या खेळण्यांच्या पायी लेकरे घराबाहेर आली. देणाऱ्याच्या मनात असे काही नसते, हे खरे. पण फळ तेच. २०१८ साली ऑस्ट्रेलियाने गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा पैशासाठी मुलांना अनाथाश्रमांत भरणे हाही गुलामगिरीचाच प्रकार मानला गेला.

येथे कोणी शंका घेईल, 'महाराज, पोराच्या हाती बाहुली आली, ते हसले. त्यात खोटे काय?' हसणे खरेच आहे. पण दोन आठवडे जिच्या मांडीवर ते बसले, ती ताई तिसऱ्या आठवड्यात विमानाने निघून जाते आणि पुढच्या महिन्यात दुसरी येते. दर वेळी जीव लावायचा आणि दर वेळी तो तुटायचा, हे मोठ्यांनाही सोसत नाही. लेकराला कसं सोसावं? भुकेल्याला अन्न देताना शास्त्र काढीत बसू नये, लगेच वाढावे. बाहुलीच्या बाबतीत मात्र विचाराला सवड आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी देश, काळ, पात्र पाहून, परतफेडीची आशा न धरता दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे, आणि फळावर नजर ठेवून दिलेले राजस. फळ म्हणजे केवळ स्वर्ग नव्हे. मुलांच्या घोळक्यात काढलेला फोटो हेही फळच. पाठशाळेत दानाचे लक्षण शिकवीत ते असे की, वस्तूवरचा आपला हक्क पूर्ण सोडणे आणि दुसऱ्याचा हक्क उत्पन्न करणे. वस्तू देऊन फोटो मिरवणाऱ्याने अर्धेच सोडले. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला सांगतात की, श्रद्धेने द्यावे, लाजून द्यावे, समजून-उमजून द्यावे. लाज कशाची? माझ्याजवळ आहे आणि याच्याजवळ नाही, याची.

हे परदेशापुरतेच आहे असे समजू नका. आपल्या मुलाचा वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करण्याची रीत पुण्या-मुंबईतही आहे. केक आपल्या बाळाने कापायचा आणि तेथल्या मुलांनी टाळ्या वाजवायच्या. सांगा बरं, येथे दान कोणी कोणाला दिले?

मग करावे काय? नातवाने विचारले तर त्याला अडवू नका, वाट दाखवा. मूल घरी परत जाईल, आईला काम मिळेल, गावातच शाळा चालेल, अशा कार्याला पैसा द्यावा. जे खरेच पोरके आहेत, त्यांना सांभाळणाऱ्या आजीला, मामाला, जन्मभर जवळ राहणाऱ्या माणसाला हात द्यावा. आणि भेट द्यायचीच असेल तर ती आईबापांच्या हाती ठेवावी. पोराला वाटू दे, आईने आणली. ते आईच्या गळ्यात पडेल, आणि देणाऱ्याचे नावही त्याला कळणार नाही. एवढे ज्याला सोसवेल, त्याने खुशाल दान करावे.

राम कृष्ण हरि.