टोकन भरण्याआधी

बाजारात न आलेल्या गाडीसाठी पैसे भरायचे की नाही, हा प्रश्न दिसायला खिशाचा आहे. खिशापुरता तो माझ्यापाशी सुटलेला आहे. पन्नाशी ओलांडली, भोसरीतलं वर्कशॉप कर्जातून मोकळं झालं, मुलीचं शिक्षण झालं. दोनच माणसं बसतील अशी, छप्पर उघडणारी, विजेवर धावणारी एक स्पोर्ट्‌स कार काही महिन्यांत आपल्याकडे येणार आहे. तिचं टोकन मी आज भरू शकतो. तरीही हात थांबला आहे, आणि तो का थांबला हे स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असं वाटतं.

माझा धंदा ॲडव्हान्सवर चालतो. गिऱ्हाईक परचेस ऑर्डरबरोबर तीस टक्के पाठवतं, त्यातून मी स्टीलचे बार आणतो, टूलिंग करतो. ते पैसे माझ्या खात्यात आले तरी माल त्याच्या इन्स्पेक्शनमध्ये पास होईपर्यंत ते त्याचेच, हे मी पहिल्यापासून धरून चाललो. पण तेच गिऱ्हाईक पैसे सोडण्याआधी काय काय ठरवून घेतं! ड्रॉइंग, मटेरियलचा ग्रेड, मायक्रॉनमधला टॉलरन्स, दर, तारीख. आता मी गिऱ्हाईक होऊ पाहतोय आणि माझ्यासमोरच्या नोंदणी अर्जात शहर विचारलंय, रंग विचारलाय. रंगांच्या चौकटी ठळक आहेत. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू राहील. किंमत सांगितलेली नाही. तारीख नाही. गाडी चालवून बघायची सोय नाही. माझ्याकडे कुणी अशी ऑर्डर घेऊन आलं असतं, तर मी त्याला खुर्चीवर बसवून, चहा देऊन, नीट विचार करून या असंच सांगितलं असतं.

मग मला इतकी घाई कशाची आहे?

याचं उत्तर शोधताना मला जॅग्वारच्या एक्सजे २२० या गाडीची हकिकत पुन्हा पुन्हा आठवते. ऑक्टोबर १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. जिम रँडल आणि त्यांच्या सहकारी इंजिनिअरांनी ती सुट्टीच्या दिवशी, फावल्या वेळात बांधली होती. त्या गटाला सॅटर्डे क्लब म्हणत. बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद, आणि नावातला २२० हा आकडा म्हणजे ताशी २२० मैलांचं लक्ष्य. कंपनीने गाडी विक्रीला काढायचं ठरवलं तेव्हा किंमत २ लाख ९० हजार पौंड सांगितली आणि ५० हजार पौंड अनामत घेतली. फार तर ३५० गाड्या बांधायच्या होत्या. पैसे भरायला तयार असलेली माणसं त्याच्या कितीतरी पट निघाली. १९९२ मध्ये गाडी हातात आली ती सहा सिलिंडरची, दोन टर्बो लावलेली, फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी. किंमत चार लाख पौंडांच्या वर गेलेली होती आणि मधल्या काळात इंग्लंडात मंदी आली होती. अनेकांनी गाडी नाकारली, प्रकरणं कोर्टात गेली, काहींनी करारातून सुटण्यासाठी वर पैसे मोजले.

या हकिकतीत कंपनीचा दोष किती, हे ठरवणं माझं काम नाही. मला त्या रांगेतली माणसं बघायची आहेत. गाडी वाईट नव्हती. १९९२ मध्येच इटलीत नार्दोच्या ट्रॅकवर तिने ताशी २१७ मैलांचा वेग गाठला. ज्यांना ती चालवायची होती त्यांनी हळहळत का होईना बाराऐवजी सहा सिलिंडर पत्करले आणि गाडी घरी नेली. पण रांगेत दुसरीही माणसं होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी महागड्या गाड्यांचे भाव चढत होते, आणि नंबर लागला की तो चढ्या भावाने दुसऱ्याला द्यायचा हा हिशेब करून त्यांनी अनामत भरली होती. भाव पडले तेव्हा त्यांना सिलिंडरही कमी दिसले आणि कराराची कलमंही.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. नंबर लागला की पावती ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, घेऊन दुसऱ्याला द्यायची, हा सरळ धंदा होता. पण त्या काळी ज्याला स्कूटर हवी होती त्याला ती कामावर जायला, मुलांना शाळेत सोडायला हवी होती. गरज होती म्हणून रांग होती. माझ्या रांगेला गरजेचा आधार नाही. म्हणून मी तिच्यात का उभा राहतोय, हे मला जास्त काटेकोरपणे सांगता आलं पाहिजे.

टोकन परत मिळतं, असं मित्र सांगतात. खरं आहे. पण परत मिळण्याची सोय खिशासाठी आहे, मनासाठी नाही. टेस्लाने १६ नोव्हेंबर २०१७ ला कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नमध्ये नव्या रोडस्टरची घोषणा केली. नोंदणी ५० हजार डॉलरची. त्यातले ५ हजार लगेच कार्डावर आणि उरलेले ४५ हजार दहा दिवसांत बँकेतून. पहिल्या एक हजार खास गाड्यांसाठी तर पूर्ण अडीच लाख डॉलर आधीच. गाडी २०२० मध्ये येणार होती. ते वर्ष आलं, गेलं, आणि तारीख पुढे पुढे सरकत राहिली. ज्यांनी पैसे ठेवले त्यांची रक्कम बुडाली असं नाही. पण इतकी वर्षं एका न आलेल्या गाडीने त्यांच्या मनात जागा अडवली असणार. आपण अजून घेतलं कुठे, फक्त नोंदवलंय, असं म्हणत माणूस निर्णय टाळतो, आणि इच्छा मात्र त्याच दिवसापासून घरात राहायला येते. म्हणून निर्णय डिलिव्हरीच्या दिवशी घेऊ, असं मी स्वतःला सांगू शकत नाही. टोकन भरलं, की तो झालेला असतो.

दुसरी बाजूही मान्य करायला हवी. आधी पैसे भरणाऱ्याचा फायदाही होतो. २०२५ मध्ये अशाच एका विजेवरच्या गाडीची, एमजी सायबरस्टरची, आगाऊ नोंदणी ५१ हजारांत झाली. जुलैमध्ये गाडी आली तेव्हा आधी नोंदवणाऱ्यांना ती ७२ लाख ४९ हजारांना मिळाली आणि नंतरच्यांना ७४ लाख ९९ हजारांना. अडीच लाखांचा फरक मला क्षुल्लक वाटत नाही. वर्कशॉपमध्ये मी कटिंग टूलच्या एकेका इन्सर्टचा हिशेब ठेवतो. शिवाय कुणीतरी आधी विश्वास टाकल्याशिवाय अशी गाडी उभीच राहत नाही. सॅटर्डे क्लबच्या मंडळींनी शनिवार दिले, मग कुणीतरी पैसेही द्यायला हवे होते. नवीन वस्तू घडवणाऱ्याला आगाऊ हात देणं ही चांगली गोष्ट आहे. ती चांगली राहते, ती वस्तू मला खरोखर हवी असेल तेव्हाच.

आता दोन गोष्टी, ज्या मला टोचतात.

पहिली गोष्ट, गाडी कंपनीच्या नावावर घ्या असं सल्लागार म्हणतात. विजेवरच्या गाडीला घसारा ४० टक्के, पेट्रोलच्या गाडीला १५. कागदावर सगळं जमतं. पण त्या गाडीत जॉबचा एक क्रेटसुद्धा मावणार नाही. ती धंद्याची गाडी आहे असं मी सही करून लिहायचं, आणि त्याच टेबलावर दिवाळीच्या बोनसची यादी करताना यंदा जरा ओढाताण आहे असं ऑपरेटरला सांगायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. कायदा परवानगी देतो की नाही हा वेगळा प्रश्न. माझं मन देत नाही.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. ही गाडी मला चालवायची आहे, की पुण्यात ती सगळ्यात आधी माझ्याकडे असावी असं वाटतंय? पहाटे ताम्हिणी घाट उतरताना स्टिअरिंगवर हात ठेवावा, ही इच्छा माझ्यात आहे आणि ती जुनी आहे. पण नोंदणीचा विचार आला की डोळ्यांसमोर घाट येत नाही. असोसिएशनच्या मीटिंगबाहेरचं पार्किंग येतं, भोवती जमलेली माणसं येतात. त्यात लाज वाटावी असं काही नाही. कष्टाने मिळवलेलं चारचौघांनी बघावं असं कुणाला वाटत नाही? पण ज्या गोष्टीसाठी मी पैसे मोजणार आहे, ती कोणती हे मला माहीत असलं पाहिजे. कौतुकासाठी इतके लाख मोजायचे असतील, तर तसं स्वतःशी स्पष्ट म्हणायला हवं.

म्हणून मी स्वतःसाठी अटी लिहिल्या आहेत. गाडी माझ्या नावावर, माझ्या बचतीतून. बायकोला पूर्ण रक्कम सांगायची, टोकनची नव्हे, शेवटची. किंमत माझ्या आकड्याच्या वर गेली तर नोंदणी रद्द करायची, रखडत ठेवायची नाही. नंबर कुणालाही विकायचा नाही. आणि गाडी दारात येईपर्यंत नोंदणी केल्याचं घराबाहेर कुणालाही सांगायचं नाही.

पहिल्या चार अटींवर मी आजच सही करीन. पाचवी वाचताना मन अजून मागे सरकतं, आणि हात का थांबला होता याचं उत्तर त्यातच आहे. ती पाळायची तयारी होईपर्यंत मी टोकन भरणार नाही. तोवर नोंदणी बंद झाली, तर हीच गाडी पुढे थोडे लाख जास्त देऊन मिळेल. आपल्याला नेमकं काय हवंय हे कळण्यासाठी तेवढी रक्कम द्यायची माझी तयारी आहे.