शिधा किती, आणि कोणाचा?



बोट दर्यात नेण्याआधी तिच्यात चार गोष्टी भराव्या लागतात, असे बंदरावरचा कोणीही तांडेल सांगेल: डिझेल, बर्फ, पाणी आणि रेशन. डिझेल आणि बर्फ यांना पैसा मोठा लागतो, म्हणून त्यांचा हिशेब वहीत लिहिला जातो. पाण्याचा आणि रेशनचा हिशेब बहुधा घरातल्या बाईच्या डोक्यात असतो. तांदूळ, पीठ, तेल, मीठ, मसाला, चिंच, कांदे-बटाटे, चहा-साखर. कालवणाच्या मासळीची चिंता नसते, ती जाळ्यातून येते. जून-जुलैतील मासेमारीची बंदी उठली की पाचूबंदरापासून नायगाव-उत्तनपर्यंत हीच यादी घरोघरी उघडली जाते.

धर्मगुरूने तांदूळ आणि चहा-साखरेवर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. आम्हांला मात्र असे वाटते की, या यादीत नीतिशास्त्राचे दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. पहिला, शिधा किती न्यावा? दुसरा, नेलेला शिधा कोणाचा?

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. दर्यात तर विहीर खणताच येत नाही. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के मीठ असते. आपली मूत्रपिंडे इतके खारट पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. ते मीठ काढण्यासाठी शरीराला आपल्याजवळचेच गोडे पाणी खर्चावे लागते. म्हणून खारे पाणी पिणारा माणूस अधिकच तहानेला होतो आणि शेवटी भ्रमिष्ट होतो. मोठ्या जहाजांवरील जीवरक्षक नौकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यानुसार माणशी ३ लिटर गोडे पाणी आणि किमान १०,००० किलोज्यूल इतका आहार ठेवावाच लागतो. १०,००० किलोज्यूल म्हणजे साध्या भाषेत एका माणसाचे दिवसभराचे पोटभर जेवण. नियम करणाऱ्यांनी हे ठरवताना जहाज बुडणार असे धरले नाही. बुडू शकते, एवढेच धरले. शहाणपण ते हेच.

काहींना वाटते की, जास्त तयारी करणे म्हणजे देवावर भरवसा नसणे. आम्हांला हे पटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदृष्टी हा विवेक या सद्गुणाचाच भाग मानला आहे. जे आपल्या हातात आहे ते न करता देवाकडे बोट दाखवणे हा भरवसा नव्हे, आळस आहे. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाने भरकटलेल्या केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. ज्या किनाऱ्यावर जाण्याचा त्यांचा बेतही नव्हता, तेथे ते पोचले. घरून निघताना बांधलेला शिधा कोणत्या दिवसापर्यंत पुरवावा लागेल, हे दर्यावर जाणाऱ्याला आधी ठाऊक नसते.

आता दुसरा प्रश्न, आणि तो अधिक अवघड आहे. शिधा कोणाचा?

नाखव्याने पैसे दिले म्हणून तो नाखव्याचा, असे वरवर वाटते. परंतु जेथे वाट्याने काम चालते तेथे डिझेल, बर्फ आणि रेशन यांचा खर्च आधी वजा होतो, आणि मग वाटे पडतात. म्हणजे खलाशी जेवतो ते कोणाच्या मेहरबानीवर नव्हे. त्यात त्याच्या घामाचा भाग आहे. आज आपल्या बोटींवर डोंगरपट्ट्यातले आदिवासी तरुण आहेत, परप्रांतातली मुले आहेत. ती आपल्या मंदिरात येत नाहीत, आपली बोली बोलत नाहीत. त्यांच्या ताटात पडणारा भात आणि तांडेलाच्या ताटात पडणारा भात एकाच टोपातला असावा, त्यातली मासळीही सारखीच असावी. बोटीवर कोण कोणाला माणूस समजतो, हे जेवणाच्या वेळी कळते.

कमतरता आली की सर्वांत दुबळ्याचा बळी जातो, याचे एक भयंकर उदाहरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवले जाते. १८८४ साली 'मिन्योनेट' नावाची एक लहान नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघाली होती. ५ जुलै रोजी दक्षिण अटलांटिक महासागरात ती बुडाली. कप्तान टॉम डडली, दोन खलाशी आणि रिचर्ड पार्कर हा १७ वर्षांचा पोरका मुलगा असे चौघे एका होडीत उतरले. त्यांच्याजवळ सलगमाचे दोन डबे होते, आणि गोडे पाणी मुळीच नव्हते. मध्ये एक कासव मिळाले, थोडे पावसाचे पाणी मिळाले. विसाव्या दिवसाच्या सुमारास, खारे पाणी पिऊन आजारी पडलेल्या त्या मुलाला डडली आणि स्टीफन्स यांनी ठार मारले, आणि उरलेल्या तिघांनी त्याच्यावर जीव जगवला. चारच दिवसांनी त्यांना एका जर्मन जहाजाने वाचवले. न्यायालयापुढे प्रश्न आला की, जीव वाचवण्याची निकड हे खुनाचे समर्थन होऊ शकते का? नाही, असा निर्णय झाला. त्या दोघांना फाशीची शिक्षा फर्मावली गेली. पुढे ती कमी करून सहा महिन्यांची कैद करण्यात आली.

त्या माणसांना राक्षस म्हणणे सोपे आहे. ते राक्षस नव्हते, साधे दर्यावर्दी होते. पण 'आपल्यातला कोण कमी किमतीचा?' हा प्रश्न एकदा मनात शिरू दिला की त्याचे उत्तर नेहमी एकच येते: जो लहान आहे, आजारी आहे, ज्याच्यामागे रडणारे कोणी नाही. टोपातला शेवटचा तुकडा कोणाच्या वाट्याला जातो, येथपासूनच या प्रश्नाची सुरुवात होते.

याहून एक पाऊल पुढे जाऊ. समजा, आपल्या बोटीवर सहा माणसे आहेत आणि पाणी सहा जणांपुरतेच मोजून आणले आहे. इंजिन बंद पडलेली दुसरी बोट भेटते. तिच्यावरची माणसे तहानलेली आहेत. द्यावे की न द्यावे?

शुभवर्तमानात दहा कुमारिकांचा दृष्टान्त आहे. शहाण्या कुमारिका मूर्ख कुमारिकांना तेल देत नाहीत. मग आपणही पाणी नाकारावे का? आमच्या मते त्या दृष्टान्तातील तेल म्हणजे अंतःकरणाची तयारी, आणि ती कोणी कोणाला उसनी देऊ शकत नाही. पाण्याचे तसे नाही, पाणी देता येते. दुसऱ्याने बेफिकिरी केली म्हणून त्याला तहानेने मरू द्यावे, असा त्या दृष्टान्ताचा अर्थ कोणी काढू नये. संत थॉमस सांगतात की, जिवावर बेतलेल्या गरजेच्या वेळी सर्व वस्तू सर्वांच्या होतात. अशा वेळी घेणारा चोर ठरत नाही. मात्र स्वतःच्या आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांच्या जगण्याला जे लागतेच, ते देऊन टाकण्याची सक्ती ते सहसा करीत नाहीत. याचा अर्थ असा की, नेमके मोजून आणलेल्या पाण्यासह उभा असलेला तांडेल खरोखरच पेचात सापडतो. दिले तर आपल्या माणसांचे हाल, न दिले तर मनाला जन्माची टोचणी.

हा पेच दर्यात सुटत नाही. तो किनाऱ्यावर, पिंप भरतानाच सोडवावा लागतो. उन्हात राबणाऱ्या माणसाला दिवसाला साडेतीन लिटर पिण्याचे पाणी धरले, तर सहा जणांच्या चार दिवसांच्या फेरीला ८४ लिटर लागते. स्वयंपाकाचे पाणी वेगळे. आता एक माणूस आणि एक दिवस जास्त धरा. सात जण आणि पाच दिवस. तेव्हा सुमारे १२३ लिटर होते. फरक किती? वीस लिटरच्या दोन कॅनचा. त्या दोन कॅनमुळे 'आमचेच आम्हांला पुरत नाही' असे म्हणण्याची वेळ टळते. उदारपणाला मोठे मन लागते खरे, पण मोठे मन असूनही हातात काही नसेल तर ते मन हळहळण्यापलीकडे काय करणार? म्हणून विवेक आणि प्रेम यांना आपण एकमेकांचे वैरी समजू नये. प्रेमाला देता यावे, यासाठी विवेक आधी भरून ठेवतो.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानात शिष्य भाकरी घ्यायला विसरतात आणि तारवात त्यांच्याजवळ एकच भाकरी असते. लगेच त्यांची आपसांत कुरबुर सुरू होते. प्रभू येशू त्यांना भाकरी विसरल्याबद्दल बोल लावीत नाही. पाच भाकरी किती जणांना पुरल्या आणि किती टोपल्या उरल्या, याची तो त्यांना आठवण देतो. वाटलेले पुरते, हा अनुभव पदरी असूनही ते आपल्यापुरतेच मोजत बसले होते, हे त्याला खटकले. कमी असण्यापेक्षा एकमेकांकडे संशयाने पाहणे अधिक घातक असते.

पेयांविषयी लिहिताना एका बाटलीविषयी बोलणे भाग आहे. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन खाडीवर किंवा खडकावर जाणाऱ्या आपल्या काही तरुणांच्या पिशवीत पाण्याची बाटली एक आणि दारूच्या बाटल्या तीन असतात. दारूने तहान भागत नाही. उलट शरीरातले पाणी अधिक जाते, आणि तोलही जातो. भाकरी वाटली तर सर्वांना बळ येते. दारू वाटली तर, कोणी पाण्यात पडल्यास त्याला ओढून काढणारा हातच उरत नाही. 'मी माझ्या पैशाने पितो' हे घरीसुद्धा अर्धेच खरे आहे. होडीत तर ते मुळीच खरे नाही. तेथे प्रत्येकाचा तोल हा सर्वांचा तोल असतो.

घरात शिधा बांधणाऱ्या माता-भगिनींना आमची विनंती आहे. यंदा माणसे मोजताना एक जास्त मोजा, दिवस मोजतानाही एक जास्त मोजा. घरच्या मुलाला विचाराल तसे नव्या खलाशालाही विचारा, "बाबा, तू काय खातोस, तिखट चालते का?" नाखव्यांनो, दोन कॅन जास्त चढवताना जागेची कुरकुर करू नका. ते पाणी बहुतेक फेऱ्यांना तसेच परत येईल. ते वाया गेले असे समजू नका. परत आलेल्या पाण्याने अंगणातले झाड शिंपा, आणि पुढच्या फेरीला कॅन पुन्हा भरा.