तिमिर

वरंधा घाटाच्या वाटेवर हिर्डोशीस आम्ही एका अमावास्येस मुक्कामी होतो. कंदील विझला नि आम्ही जागीच थबकलो. घरची म्हातारी मात्र निर्धास्त अंगण ओलांडून गेली. "डोळं सरावलं की दिसतं, दादा," ती म्हणाली.

तेव्हा आम्हांस 'तिमिर' शब्द आठवला. ज्ञानेश्वरांनी १२९० साली पसायदानात तो योजिला. आज तो कुणाच्या बोलण्यात नाही. संस्कृतात त्याचे अर्थ दोन : काळोख, आणि नजर मंदावणारा नेत्रविकार. इंग्रजीतही 'थेस्टर' नावाचा काळोख होता. दहाव्या शतकाअखेरच्या अँग्लो-सॅक्सन शुभवर्तमानांत, संत योहानाच्या पहिल्याच अध्यायात, त्याचे जुने रूप प्रकाशासमोर उभे आहे. पुढे 'डार्क'ने त्याची जागा घेतली. जर्मन भाषेत मात्र त्याचा भाऊबंद 'ड्युस्टर' अजून नांदतो.

शब्द लोपला तरी प्रश्न उरतोच. बाहेरच्या काळोखास डोळे सरावतात. डोळ्यांतल्या तिमिरासही सरावतात, आणि धोका तोच. दारचा भुकेला दिसेनासा होतो, नि आम्ही दोष रात्रीला देतो. दिवा मागण्यापूर्वी आपण आपली नजर तपासावयास नको काय?