सोंग आणि निवड

दुसऱ्याची भूमिका घेऊन तासन्‌तास संगणकासमोर बसणे म्हणजे आयुष्याचा अपव्यय, असे सुज्ञ मंडळी म्हणतात. तीच मंडळी १२ जानेवारीला सिंदखेडराजास जिजाऊंच्या वेषात आलेल्या मुलींचे तोंडभर कौतुक करतात. म्हणजे सोंगाने माणूस बिघडतोच असे नाही, हे त्यांना मनातून ठाऊक आहे! मात्र त्या मुलींची वाक्ये ठरलेली असतात. २०१९ सालच्या ‘डिस्को एलिझियम’ या खेळात तसे नाही. स्मृती गमावलेला एक पोलीस अधिकारी आपण व्हायचे. तर्क, सहानुभूती असे त्याच्या अंगचे २४ गुण मनातल्या मनात हुज्जत घालत राहतात, आणि कोणाचे ऐकायचे ते आपण ठरवायचे. सहज बोलून गेलेले वाक्य पुढे कुठेतरी नडते. खेळ किचकट आहे, संथ आहे, वाचायला भरपूर आहे. पण तो सोपा करावयास गेले, की पहिल्याने ही निवडच जाते.

अशा खेळाला दहापैकी गुण देऊन काय कळणार? कीर्तनाला निघालेला माणूस आख्यान कोणते हे क्वचितच विचारतो. बुवा कोण, एवढेच विचारतो. बुवांचा स्वभाव ठाऊक असला म्हणजे कुठे मान डोलवावी आणि कुठे डोलवू नये, हे त्याला समजते. स्वतः खेळून, आपल्या आवडीनिवडी न लपवता बोलणारा समीक्षक मला म्हणूनच निनावी तटस्थतेपेक्षा भरवशाचा वाटतो. खेळ विकणाऱ्याकडून तो बिदागी घेत असेल, तर ती मात्र त्याने नमनालाच सांगितली पाहिजे. आमचे बुवा तरी ती सर्वांसमक्ष घेतात.