सीडी-फोर मोजून सांधा कळत नाही

नांदेड-लातूरकडे आमवाताच्या रुग्णाला घरोघरी मिळणारा सल्ला एकच : प्रतिकारशक्ती वाढवा. कोरोनानंतर काढे आणि चूर्णं याच वाक्यावर खपू लागली. याच्या उलट टोकाचा समज असा की एचआयव्हीबाधिताची शक्ती खचलेली, त्याला आमवात होईलच कसा? एखाद्या बाधित बाईची बोटं सकाळी तासभर आखडलेली असतात, भाकरी थापता येत नाही. तरी ‘गोळ्यांनी होत असेल’ म्हणून विषय मिटतो. दोन्हीकडे प्रतिकारशक्ती कमी की जास्त, एवढंच तराजूत घालून तोललं जातं. हे घातक आहे, आणि वैद्यकशास्त्रही काही काळ असंच तोलत होतं.

आमवातात शरीर स्वतःवरच उलटतं, हे एड्स येण्याच्या कितीतरी आधी मान्य झालं होतं. 1980च्या दशकाअखेरीस एचआयव्हीच्या लागणीनंतर आमवात शमल्याच्या रुग्णनोंदी छापून आल्या. प्रतिकारशक्तीतल्या सीडी-फोर या टी-पेशी घटल्या, सांधे शांत झाले. पुढे 1996पासून एचआयव्हीवर एकत्रित औषधोपचार (एआरटी) आले, पेशी वाढल्या आणि काहींचे सांधे पुन्हा सुजले. झालं, तराजू सिद्ध झाला, असं आजही सांगितलं जातं.

या सांगण्यात 1995 गळतं. सीडी-फोर पेशी मारणारी प्रतिपिंडं आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिल्याचे निष्कर्ष त्या वर्षी आले. रक्तातल्या पेशी खरोखर घटल्या, दुखणं मात्र हटलं नाही. त्याच वर्षी एका एचआयव्हीबाधिताची नोंद आली : आमवाताने त्याचे सांधे झिजतच होते. सांध्याच्या अस्तरातल्या पेशी स्वतःच हाड-कूर्चा कुरतडू शकतात, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे रक्तातला आकडा सांध्याची हकिकत सांगत नाही. 2005मध्ये मान्यता मिळालेलं अबॅटासेप्ट टी-पेशी मारत नाही, त्यांना चेतवणारा इशारा रोखतं. कोण कोणाला काय इशारा देतं, यावर हा आजार चालतो. माझ्या लेखी खरं वळण हेच.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996मध्ये सुरू केलेल्या पाहणीत सुमारे अर्धा टक्का प्रौढांना आमवात आढळला. एचआयव्हीबाधितांनाही आता आमवात होण्याइतकं वय लाभतं आहे. 2004पासून सरकारी एआरटी मोफत आहे. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावच्या ‘सेवालया’त रवी बापटले यांनी सांभाळलेली एचआयव्हीबाधित मुलं मोठी झाली.

निदानातही फसगत होते. विषाणूमुळेच आमवातासाठी रक्तात तपासला जाणारा ‘आरए फॅक्टर’ पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि खुद्द एचआयव्हीनेही सांधे सुजतात. नुसत्या रिपोर्टवर आमवाताचा शिक्का मारू नये. उलट, लागण लपवून गुडघ्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं आणि एआरटीत रिटोनाव्हिर हे औषध असलं, तर ते स्टेरॉइड शरीरातून लवकर निघत नाही, चेहरा सुजतो, साखर चढते. हाडांच्या डॉक्टरसमोर लागण सांगायला माणूस का घाबरतो, याचा जाब आपण गावाने द्यायचा आहे. आणि एआरटी केंद्रावर वजन-रक्त तपासतात त्याच खेपेला बोटांचे सांधे दाबून पाहायला हवेत. त्याला कुठलं यंत्र लागत नाही.